भावार्थ : ओठांवरचा विश्वास अंतःकरणात उतरतो तेव्हा

मराठी वाचकाला 'भावार्थ' हा शब्द परिचित आहे तो कवितेच्या रसग्रहणातून. शालेय प्रश्नपत्रिकेत दिलेल्या ओळींचा भावार्थ विचारला जातो आणि ज्ञानेश्वरीचे दुसरे नावही 'भावार्थदीपिका' असेच आहे. शब्दांच्या आत दडलेला आशय, हा त्याचा मराठीत रूढ असलेला अर्थ. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत मात्र याच शब्दाचा अर्थ 'श्रद्धा' असा होतो. चर्चमध्ये 'भावार्थ, भरवंसो आनी मोग' ही त्रयी उच्चारली जाते, तेव्हा संत पौलाने सांगितलेले श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण अभिप्रेत असतात. श्रद्धावंतांना 'भावार्थी' म्हटले जाते.

एकाच धर्मातील एकाच कल्पनेसाठी प्रदेशागणिक शब्द बदलतो. अहिल्यानगरचा मराठी ख्रिस्ती 'विश्वास' म्हणतो. हैदराबादच्या काचीगुडा-अंबरपेठ परिसरात तेलुगू आणि उर्दूबरोबर मराठीही कानावर पडते. तेथे तेलुगूत उपासना करणारा ख्रिस्ती 'विश्वासम्' म्हणतो, तर उर्दूत प्रार्थना करणारा 'ईमान' म्हणतो. सासष्टीतील आजी 'भावार्थ' म्हणते. शब्द वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. ख्रिस्ती जीवनात अंतःकरणापासूनची श्रद्धा म्हणजे नेमके काय? बालपणी डोक्यावर पाणी घातले गेले, दर रविवारी मिसेला हजेरी लागली, संध्याकाळी घरात तेर्स म्हटला गेला, म्हणजे ती आली असे मानायचे काय?

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. बहुतांश ख्रिस्ती घरांत धर्म जन्मानेच मिळतो आणि जन्माने मिळालेली गोष्ट आपली स्वतःची कधी होते, हे प्रत्येकाला केव्हातरी ठरवावे लागते. बायबलमध्येही या विसंगतीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. यशया संदेष्ट्याने आपल्या लोकांवर आरोप ठेवला, तो ओठांनी देवाचा मान राखून मनाने दूर राहण्याचा. पुढे येशूने आपल्या काळातील कर्मठांना हाच आरोप पुन्हा ऐकवला.

हृदय ठेवणे

'श्रद्धा' हा संस्कृत शब्द 'श्रत्' आणि 'धा' यांपासून बनला आहे. 'धा' म्हणजे ठेवणे. 'श्रत्' या घटकाचा संबंध बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हृदयवाचक प्राचीन शब्दाशी जोडतात. ख्रिस्ती धर्मसभेच्या लॅटिन श्रद्धाप्रकटनाचा पहिला शब्द 'क्रेडो' हाही याच मुळातून आलेला आहे. वेदांतील 'श्रद्धा' आणि रोमच्या चर्चमधील 'क्रेडो' अशा प्रकारे सख्खी भावंडे ठरतात. दोहोंच्या मुळाशी आपले हृदय कुणावर तरी ठेवणे, हीच कल्पना आहे.

हिब्रू भाषेत श्रद्धेला 'एमुना' म्हणतात. तिच्या धातूचा अर्थ पक्के असणे, ढळू न देणे असा आहे. प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' आणि अरबीतून उर्दूत आलेला 'ईमान' हे शब्द त्याच सेमिटिक धातूच्या कुळातले. म्हणजे 'आमेन' म्हणणारा मनुष्य केवळ प्रार्थना संपल्याचे सांगत नसतो. जे म्हटले त्यावर आपण उभे आहोत, अशी ग्वाही तो देत असतो.

येथे 'हृदय' या शब्दाविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आधुनिक वाचक हृदय म्हणजे भावना आणि मेंदू म्हणजे विचार अशी वाटणी करतो. बायबलच्या हिब्रूत 'लेव' म्हणजे हृदय हे विचाराचे, निर्णयाचे आणि इच्छाशक्तीचेही स्थान आहे. मराठीतील 'अंतःकरण' हा शब्द त्याला जवळचा आहे, कारण भारतीय दर्शनांत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार ही चारही अंतःकरणाचीच अंगे मानली जातात. म्हणून अंतःकरणपूर्वक श्रद्धा म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारी भावना एवढाच अर्थ घेतला, तर तो अपुरा ठरतो. त्यात समजणे आहे, ठरवणे आहे आणि ठरवलेले निभावणेही आहे.

ख्रिस्ती विचारवंतांनी या श्रद्धेचे थर वेगळे करून दाखवले आहेत. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टिनच्या लेखनातून पुढे एक प्रसिद्ध भेद रूढ झाला. देव आहे असे मानणे, देव सांगतो ते खरे मानणे आणि देवावर स्वतःला सोपवून त्याच्याकडे वाटचाल करणे, या त्याच्या तीन पायऱ्या. सोळाव्या शतकानंतरच्या प्रोटेस्टंट पंडितांनी माहिती, मान्यता आणि भरवसा अशी जवळपास तीच मांडणी केली. पहिल्या दोन पायऱ्या पुस्तकातून शिकवता येतात. तिसरी पायरी ज्याची त्याने चढायची असते. याकोबाच्या पत्रात तर असे सुनावले आहे, की देव एक आहे एवढे भुतेसुद्धा मानतात आणि थरथर कापतात. केवळ मान्यतेला श्रद्धा म्हणायचे, तर भुतांनाही श्रद्धावंत म्हणावे लागेल.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

मान्यता आणि भरवसा यांतील अंतर मराठी मातीत सर्वांत प्रांजळपणे कुणी सांगितले असेल, तर ते पंडिता रमाबाईंनी. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकवले. त्यांच्या तरुणपणीच दुष्काळाने आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी भारत पालथा घालत त्या १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांचे पहिले आकर्षण कोणत्याही तात्त्विक सिद्धांताचे नव्हते. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले केंद्र त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांचे नाव घेणेही प्रतिष्ठितांना नको वाटे, त्यांची सेवा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत होत्या. यामागचे कारण विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्या कथेने रमाबाईंच्या मनाची पकड घेतली.

तरीही बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आज्ञाधारक अनुयायी झाल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी शंका काढल्या. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हाती द्यायला त्यांनी नकार दिला. एका पुरोहितवर्गाचे जू झुगारून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू मानेवर का घ्यावे, हा त्यांचा सवाल होता. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. इंग्लंडातही त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या मार्गदर्शिकांना हा हट्ट वाटला, गर्वही वाटला. आज ती पत्रे वाचताना जाणवते ती वेगळीच गोष्ट. न पटलेले पटल्यासारखे दाखवायला ही स्त्री तयार नव्हती.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी या काळाविषयी एक विलक्षण कबुली दिली आहे. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त मिळालेला नाही. बुद्धीला पटलेल्या गोष्टींची जमवाजमव झाली होती. स्वतःला पूर्णपणे सोपवणे राहून गेले होते. जगभर नावाजलेल्या विदुषीने असे जाहीरपणे लिहिणे सोपे नव्हते. तिने धर्म बदलला म्हणून स्वकीय रुष्ट होते आणि तिचे धर्मांतर हा आपला विजय मानणारे परकीय तिच्याकडून पूर्णतेची अपेक्षा बाळगून होते. दोन्ही बाजूंना नको असलेले सत्य तिने सांगितले.

त्या भरवशाचा पुढचा इतिहास शब्दांपेक्षा कामात दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. दुष्काळाने स्वतःचे आईवडील नेलेले असल्याने भुकेचा चेहरा त्यांना नव्याने ओळखावा लागला नाही. पुणे जिल्ह्यातील केडगावात मुक्ती मिशन उभे राहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीतिसदन, अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण, शेती, विणकाम आणि छापखाना असा त्याचा विस्तार होत गेला. फुलहॅमला जे पाहिले होते, ते केडगावात मराठी रूप घेऊन उभे राहिले. त्याच छापखान्यात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून स्वतः केलेला मराठी बायबल अनुवाद छापण्याचे काम त्यांनी हाती घेतले. बोजड संस्कृतप्रचुर भाषा टाळून साध्या बायकांना समजेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितेने हा आग्रह धरावा, याला अर्थ आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये प्रकाशित झाला.

नवऱ्याची श्रद्धा उसनी घेता येत नाही

दुसरे उदाहरण रमाबाईंच्या अगदी उलट परिस्थितीतील स्त्रीचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या घरात त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळक कवी, बुद्धिमान आणि अस्थिर. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना झपाटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

पतीचे धर्मांतर ही लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने आपत्ती होती. लहान मुलाला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहायला आल्या, त्या स्वतःचे सोवळे आणि वेगळी चूल सांभाळूनच. टिळकांनीही त्यांच्यावर धर्म लादला नाही. परिवर्तन झाले ते आतून, आणि त्याचा आरंभ बाप्तिस्म्याच्या आधीच झाला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी राहुरीच्या मुक्कामातील तो विचार नोंदवला आहे. पशूंमध्ये निरनिराळ्या जाती दिसतात, पण माणसांतल्या जाती देवाने केल्या की माणसांनी, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निश्चय त्यांनी केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतीच्या ख्रिस्ती होण्याला पाच वर्षे उलटली होती.

या कथेत ख्रिस्ती श्रद्धेविषयीचा एक मूलभूत मुद्दा सामावलेला आहे. कुटुंब माणसाला प्रार्थना शिकवू शकते, चर्चपर्यंत आणू शकते. त्याच्या वतीने विश्वास ठेवू शकत नाही. प्रखर श्रद्धा असलेल्या पतीची पत्नीही स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगाने चालत आली. शिवाय लक्ष्मीबाईंच्या बाबतीत श्रद्धेची कसोटी लागली ती पाण्याच्या तांब्यावर. पिढ्यान्‌पिढ्या शरीरात मुरलेली शिवाशिव सुटणे, हे त्यांच्यासाठी कोणत्याही सिद्धांताला मान डोलावण्याहून कठीण होते. पुढे टिळकांच्या घरात निराधार मुले वाढली, बालकवी ठोंबरेही राहून गेले, आणि त्या साऱ्यांचे ताट वाढणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. टिळकांनी आरंभलेले आणि अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

टिळकांची स्वतःची वाटचालही बाप्तिस्म्यापाशी थांबली नाही. अमेरिकन मराठी मिशनमध्ये बावीस वर्षे घालवल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. पगारी धर्मसेवक म्हणून सांगितलेली श्रद्धा आणि निरपेक्षपणे जगलेली श्रद्धा, यांतील फरक त्यांना छळत होता.

उबदार हृदय आणि कोरडे हृदय

अंतःकरणाच्या श्रद्धेची चर्चा निघाली, की ख्रिस्ती इतिहासात एक तारीख हटकून सांगितली जाते. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या अल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत जॉन वेस्ली यांना आपल्या हृदयात अनपेक्षित ऊब जाणवली. ते तेव्हाही दीक्षित धर्मगुरू होते आणि धर्मप्रसारासाठी अमेरिकेला जाऊन आले होते. तरीही ख्रिस्ताने आपल्या पापांचे ओझे उचलले आहे, हे त्या संध्याकाळी त्यांना प्रथमच स्वतःविषयी खरे वाटले. मेथडिस्ट चळवळीच्या परंपरेत या अनुभवाला मानाचे स्थान आहे.

याच परंपरेतील वेस्लियन मिशनरी पुढे हैदराबाद संस्थानात आले. त्यांच्यापैकी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी मेदक येथे भव्य कॅथेड्रल उभारले. दुष्काळात भुकेल्यांना फुकट अन्न वाटण्याऐवजी काम देऊन अन्न द्यावे, या हेतूने ते बांधकाम चालले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. १९४७ मध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाल्यावर ही परंपरा त्या एकत्रित चर्चमध्ये सामावली आणि हैदराबाद-सिकंदराबाद परिसरातील अनेक चर्चेस आज मेदक धर्मप्रांतात येतात. लंडनमधील एका माणसाच्या हृदयातील ऊब तेलंगणातील उपाशी लोकांच्या चुलीपर्यंत पोहोचली, ती अशी.

मात्र ती ऊब सर्वांना जाणवतेच असे नाही आणि जाणवली तरी टिकतेच असेही नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. कोलकात्याच्या रस्त्यांवरील मरणासन्नांची सेवा करीत असताना जवळजवळ अर्धशतक त्यांच्या अंतर्यामी अंधार होता. देव जवळ असल्याची कोणतीही जाणीव त्यांना होत नव्हती, असे त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत होत्या. काहींनी त्यावरून त्यांची श्रद्धाच खोटी ठरवली. हृदय म्हणजे भावना असे मानले, तर तो निष्कर्ष बरोबर ठरेल. हृदय म्हणजे मनुष्याचे संपूर्ण अंतःकरण मानले, तर चित्र पालटते. भावनेची साथ नसताना रोज पहाटे उठून दिलेला शब्द पाळणारी श्रद्धा अधिक खोल म्हणावी लागते.

शंकेचेही तसेच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूसमोर एकाच श्वासात विश्वास असल्याचे सांगतो आणि आपल्या अविश्वासावर मदतही मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. थोमा प्रेषिताला जखमांना हात लावून खात्री करून घ्यायची होती. त्यालाही बाहेर काढले गेले नाही. भारतातील ख्रिस्ती परंपरा तर आपला उगम याच शंकेखोर थोमाशी जोडते. ख्रिस्ती दृष्टीने श्रद्धेचा खरा शत्रू शंका नसून दिखावा आहे. शुभवर्तमानांतील येशूचे सर्वांत कठोर शब्द शंका घेणाऱ्यांसाठी नाहीत, ते रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणाऱ्यांसाठी आहेत.

गोव्याचा अनुभव

गोव्याच्या भूमीवर हा विषय मांडताना इतिहासाची एक कटू बाजू टाळता येत नाही. पोर्तुगीज राजवटीत येथे अनेक धर्मांतरे दडपणाखाली किंवा लाभाच्या आशेने झाली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता, येथे इन्क्विझिशनचे न्यायासन होते. बाटवलेल्यांच्या घरात तुळस आहे काय, अंगावर धोतर आहे काय, लग्नात जुनी गाणी म्हटली काय, यांवर त्याची नजर असे. १६८४ च्या फर्मानाने कोकणीवरही बंदी घालण्याचा प्रयत्न झाला. राजसत्ता माणसाचे नाव बदलू शकली, कपडे बदलू शकली. अंतःकरणावर तिचा अंमल चालला नाही आणि म्हणूनच तिला हेरगिरी करावी लागली. सक्तीने आलेली श्रद्धा तपासण्यासाठी शिपाई लागतो, हेच तिच्या पोकळपणाचे लक्षण होय. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात श्रद्धेचा प्रतिसाद स्वेच्छेनेच दिला गेला पाहिजे, असे स्पष्टपणे मांडले. ते येईपर्यंत फार उशीर झाला होता.

त्याच काळात याच भूमीवर वेगळी वाटही दिसते. इंग्लंडात कॅथलिकांचा छळ होत असताना देश सोडून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि सुमारे चाळीस वर्षे प्रामुख्याने सासष्टीत राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी लोकांच्या परिचित पुराणशैलीत, कोकणी छटा असलेल्या मराठीत लिहिला. लॅटिन मंत्र पाठ करून घेणे सोपे होते. त्यांनी भाषा शिकण्याचा, तिचे व्याकरण लिहिण्याचा आणि ओवीच्या चालीत ख्रिस्तकथा सांगण्याचा लांबचा रस्ता धरला. ज्याला कळत नाही त्याच्या ओठांवर शब्द चढतील, अंतःकरणात उतरणार नाहीत, हे त्यांनी जाणले होते. त्या पिढीतील धर्मोपदेशकांनी 'भावार्थ' हा शब्द श्रद्धेसाठी योजला, त्यामागेही हीच दृष्टी दिसते. शब्दाच्या आतला आशय ज्याच्या आयुष्यात उतरला, तो भावार्थी.

त्यानंतर शतकही उलटले नाही तोच गोव्याने स्वतःचा भावार्थी जगाला दिला. बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले फादर जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. तेथे डचांनी कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. भिकाऱ्याच्या वेशात, गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरत. जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, यावरून लपून राहिलेले ख्रिस्ती त्यांना सापडत. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरची माणसेही रुग्णांना टाकून पळाली, तेव्हा वाझ यांनी धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांच्यामागे ना सैन्य होते ना राजाज्ञा. सत्तेच्या आधाराने पसरलेला धर्म आणि सत्ता विरोधात असताना जगलेली श्रद्धा, ही दोन्ही चित्रे गोव्याच्याच इतिहासात शेजारी शेजारी आहेत.

रोजच्या जगण्यातील भावार्थ

मग तेर्स, लदीन, फेस्त आणि नवस यांचे काय? अंतःकरणाची श्रद्धा हेच सार असेल, तर बाह्य आचार निरर्थक मानावेत काय? ख्रिस्ती परंपरेचे उत्तर तसे नाही. आचार हे श्रद्धेचे भांडे आहे. रिकाम्या भांड्याने तहान भागत नाही, परंतु भांड्यावाचून पाणीही टिकत नाही. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसासमोर शेजारी जमून लदीन म्हणतात, तेव्हा वर्षभर न बोललेली दोन घरे एकत्र उभी राहतात. त्या प्रार्थनेनंतर त्यांचा अबोला सुटला, तर लदीन अंतःकरणात उतरले असे समजावे. येशूने सांगितले ते हेच. वेदीवर अर्पण ठेवताना भावाचा आपल्यावर रोष आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा.

पौलाने श्रद्धा, आशा आणि प्रीती यांत प्रीतीला श्रेष्ठ ठरवले, त्याचेही कारण यात आहे. डोंगर हलवण्याएवढी श्रद्धा असली आणि प्रीती नसली, तर आपण काहीच नाही, असा त्याचा दाखला आहे. गोव्याच्या त्रयीत 'भावार्थ' पहिला आणि 'मोग' शेवटचा येतो. पहिला खरा असेल तर तो शेवटच्यापर्यंत पोहोचतो. रमाबाईंचा भावार्थ केडगावच्या मुलींपर्यंत पोहोचला, लक्ष्मीबाईंचा पाण्याच्या तांब्यापर्यंत, वाझ यांचा देवीच्या रुग्णांपर्यंत. यांपैकी कुणालाही तो एका दिवसात मिळाला नाही. रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, लक्ष्मीबाईंना पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच.

म्हणून ज्या तरुणाला चर्चमध्ये उभे राहून 'आमेन' म्हणताना आपल्या मनात काहीच हलत नाही असे वाटते, त्याने स्वतःला ढोंगी ठरवण्याची घाई करू नये. त्याने एवढेच पाहावे, की त्या 'आमेन'ने आपल्याकडून काय मागितले आहे. कुणाची क्षमा मागायची राहिली आहे, कुणाच्या हातचे पाणी अजून नकोसे वाटते, कोणत्या दाराशी जायचे आपण टाळतो आहोत. उत्तर सापडेल त्या दिशेने एक पाऊल टाकणे, ही श्रद्धेची सुरुवात पुरेशी आहे. हृदयाची ऊब मागाहून येईल. न आली तरी टाकलेले पाऊल वाया जाणार नाही.